सर्वांचे आवाज

कानाच्या डॉक्टरांनी आईचा उजवा कान तपासला आणि तो गेला आहे असं सांगितलं. यात नवीन काही नव्हतं. त्या कानाशी बोललेलं काहीही आई कित्येक वर्षं मनावर घेत नव्हती. मग त्यांनी डावा तपासला आणि म्हणाले, हाही निघालाय. निघालाय म्हणजे अजून दारात उभा आहे, निरोप घेतोय, पण थांबणार नाही. यंत्र लावा, थोडे दिवस निघतील.

आई घरी आली, चपला काढल्या, खुर्चीत बसली आणि म्हणाली, "कान जायच्या आधी मला ह्यांचा आवाज एकदा ऐकायचाय. तेवढं बघ."

'हे' म्हणजे आमचे बाबा. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. आता अशा वेळी सरळ माणूस काय करील? माळ्यावरून बाबांच्या कॅसेटची पेटी खाली काढील, हाताला येईल ती कॅसेट लावील आणि आईला ऐकवील. माझ्या बायकोने हेच सुचवलं. आईनेही हेच सुचवलं. "कुठलीही लाव रे, सगळ्यांत आहेत ते," ती म्हणाली. मी नुसता हसलो. कारण मी साधासुधा माणूस नाही, मी रेकॉर्ड विभागातून निवृत्त झालेला माणूस आहे. आमच्या विभागात 'कुठलीही' हा शब्द उच्चारणाऱ्याला दुसऱ्या दिवशी टपाल विभागात पाठवत. जन्मभर मी लोकांचे कागद शोधून दिले. कधीकधी माणूस जिवंत असतानाही दिले. असा मी, आणि माझ्याच घरात माळ्यावर बेवारस पेटी? मी जाहीर केलं की आधी सर्व फोटो आणि सर्व कॅसेट यांचं रीतसर वर्गीकरण होईल, आणि मग त्यातून बाबांचा आवाज आपोआप वर येईल.

"दुधावरच्या सायीसारखा," बायको म्हणाली. तिला रेकॉर्डमधलं काही कळत नाही.

बाबांबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत. त्यांना दोन यंत्रांचं वेड होतं, कॅमेरा आणि टेपरेकॉर्डर. घरात चार माणसं जमली की बाबा टेबलावर टेपरेकॉर्डर मांडायचे, समोर एकेकाला उभं करायचे, लाल बटण दाबायचे आणि म्हणायचे, "हां, बोला. चालू आहे." मग मामा गाणं म्हणायचे. माझ्या पाठची बहीण, जिला घरात सगळेच ताई म्हणतात, कविता म्हणायची आणि तिसऱ्या ओळीला विसरायची. धाकटा भाऊ प्राण्यांचे आवाज काढायचा, त्यातला गाढवाचा उत्तम असे, आणि मी भाषण करायचो. आई त्या वेळी स्वयंपाकघरात चहा गाळत असायची. मग बाबा कॅसेट काढून तिच्यावर सुवाच्य अक्षरात लिहायचे, 'सर्वांचे आवाज'. पेटीतल्या झाडून सगळ्या कॅसेटवर हेच लिहिलेलं होतं. क्रमांक नाही, दिनांक नाही. ज्या बापाच्या पोटी मी जन्मलो त्याने हे असं करावं याचं मला अतोनात वाईट वाटलं.

मात्र एक गोष्ट मला पक्की आठवत होती. बाबांच्या निरोप समारंभात त्यांनी भाषण केलं होतं आणि ते टेप झालं होतं. आईला द्यायचा तो हाच आवाज, असं मी ठरवून टाकलं. मुद्देसूद, अखंड आणि टाळ्यांसकट.

सुरुवात फोटोंपासून केली, कारण आवाजापेक्षा चेहरा ओळखायला सोपा असतो अशी माझी समजूत होती. जुन्या अल्बमच्या पानांना गोंद असायचा आणि वर प्लॅस्टिक. इतक्या वर्षांत गोंद, फोटो आणि प्लॅस्टिक यांचं एकत्र कुटुंब झालं होतं. फोटो निघेनात. तेव्हा शेजारचे गृहस्थ आले. सोसायटीत त्यांना सगळे 'अनुभवी' म्हणतात, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य 'माझा अनुभव सांगतो' इथून सुरू होतं. अनुभवींनी अनुभव सांगितला की वाफ द्या, गोंद सुटतो. मी किटली ठेवली, वाफ दिली. गोंद सुटला की नाही ते सांगता येणार नाही, पण मामांची मिशी सुटली. मामांनी जन्मभर तेल लावून वाढवलेली मिशी फोटोतून अलगद निघाली आणि प्लॅस्टिकला चिकटून राहिली. खाली जो माणूस उरला तो आमच्या घराण्यातला वाटत नव्हता. अनुभवी म्हणाले, किटलीचं तोंड अरुंद आहे, माझ्याकडची वेगळी होती.

मी कामाची प्रगती कळावी म्हणून रोज काही फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकत होतो. त्यात मामांचाही गेला. खाली मी प्रामाणिकपणे लिहिलं, 'अनोळखी इसम, ओळख पटवावी.' मामांनी ओळख पटवली. त्या दिवसापासून त्यांनी आमच्याशी बोलणं टाकलं.

पण त्याहून मोठं प्रकरण टबातल्या बाळाचं झालं. पत्र्याच्या टबात बसलेलं, अंगावर काही नसलेलं, गुटगुटीत, हसरं असं ते बाळ. आमच्या घरात असं देखणं कोण जन्मलं होतं ते पाहायचं म्हणून मी फोटो टाकला. ताईचं उत्तर आलं, 'अय्या, मी.' लगेच धाकट्याचं आलं, 'तो मी आहे.' ताईने पुरावा दिला की गालाला खळी आहे. धाकट्याने विचारलं, खळी आत्ता कुठेय? ताईने ग्रुप सोडला. मेव्हण्यांनी मला फोन करून सांगितलं की तुम्ही घरातले मोठे, तुम्हाला हे शोभत नाही. मी काय केलं होतं? मी फक्त वर्गीकरण करत होतो. शेवटी मी लिफाफ्यावर लिहिलं, 'बाळ, एक, ताब्याबाबत वाद प्रलंबित.' आता कोणाच्या मनात येईल की ह्याने आईलाच का विचारलं नाही. आईला विचारायचं म्हणजे डाव्या बाजूला जाऊन ओरडायचं, आणि असल्या नाजूक गोष्टी ओरडून विचारता येत नाहीत.

या सगळ्या ढिगाऱ्यात बाबांचा फोटो मात्र एकही नव्हता. फोटो काढणारे तेच. काही फोटोंत खाली जमिनीवर त्यांची सावली पडली होती, आणि काहींत कोपऱ्यात त्यांचा अंगठा आला होता. मी अंगठ्यांचा एक स्वतंत्र लिफाफा केला.

यात बरेच दिवस गेले. आई रोज चहाच्या वेळी विचारायची, "सापडले का रे?" मी सांगायचो, काम टप्प्याटप्प्याने चाललंय. ती मान हलवायची. मग एक दिवस तिने विचारलं तेव्हा मला उत्तर दोनदा ऐकवावं लागलं. दुसऱ्यांदाही तिने माझ्या ओठांकडे बघितलं. मी लिफाफे बाजूला ठेवले आणि टेपरेकॉर्डर काढला.

तो चालू झाला, हे आश्चर्य. मी एक कॅसेट घातली, आईला डावीकडून जवळ बसवलं आणि बटण दाबलं. खरखर झाली. मग अगदी स्पष्ट, खणखणीत, बाबांचा आवाज आला, "हां, बो—" आणि यंत्राने टेप गिळली. आतून एक लांबलचक ढेकर दिल्यासारखा आवाज आला आणि काळ्या फितीचा गुंता बाहेर लोंबू लागला. आईचा चेहरा नुकता कुठे उजळत होता, तो तसाच अर्ध्यावर राहिला.

"होते," ती म्हणाली. "आत्ता होते."

अनुभवींना बोलवावं लागलं नाही, ते आले. त्यांचा अनुभव असा की जुन्या टेपला बुरशी येते, ती थंडीत मरते, तेव्हा कॅसेट फ्रीजमध्ये ठेवाव्यात. मी ठेवल्या. संध्याकाळी बायकोने भाजीच्या कप्प्यात हात घातला आणि तिच्या हाताला भेंडीऐवजी 'सर्वांचे आवाज' लागले. त्यानंतर स्वयंपाकघरातून जे आवाज आले ते कुठल्याही कॅसेटवर मावले नसते. शेवटी तिनेच मार्ग काढला. नगरपालिकेच्या ग्रंथालयात वरच्या मजल्यावर 'स्मृतिजतन कक्ष' उघडलाय, तिथे जुन्या कॅसेट फुकट कॉम्प्युटरवर उतरवून देतात, असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. "जा तिकडे," ती म्हणाली. "तुझ्यासारखीच माणसं भेटतील."

भेटली. कक्षात पाऊल टाकलं आणि मला माहेरी आल्यासारखं वाटलं. तोच फाइलींचा वास, तीच डुगडुगणारी खुर्ची, भिंतीवर तोच 'शांतता राखा'चा फलक, आणि त्याच्याखाली मोठमोठ्याने बोलणारे दोन कर्मचारी. कक्षप्रमुख बाई चष्म्यावरून बघत होत्या. मी ओळख दिली, रेकॉर्ड विभागात होतो म्हणालो. त्यांनी मला बसायला सांगितलं नाही, यावरून त्या कामात मुरलेल्या आहेत हे मी ताडलं.

बाईंनी कॅसेट उजेडात धरून पाहिल्या आणि सांगितलं की फितीवरचा थर सुटत आलाय, या एकदाच वाजतील. वाजतील तेव्हा उतरवून घेऊ, नंतर फीत कोरी पडेल. दुसरी गोष्ट, कॅसेटमध्ये ज्या ज्या व्यक्तींचे आवाज ऐकू येतात त्या प्रत्येकाचं ना-हरकत पत्र लागेल. मयताच्या बाबतीत वारसांचं.

मी म्हटलं, आवाज आमच्याच घरचे आहेत.

बाई म्हणाल्या, "सगळे असंच म्हणतात. मग आतून कोणीतरी भलताच निघतो आणि आमच्यावर येतं."

मला त्यांचं म्हणणं पटलं, हीच माझी शोकांतिका आहे. दुसऱ्या कोणी बाईंशी भांडण काढलं असतं. मला त्या नियमात एक सौंदर्य दिसलं. मी ना-हरकती गोळा करायला बाहेर पडलो.

ताई म्हणाली, देते, पण टबातलं बाळ मी आहे हे लेखी पाहिजे. धाकट्याचीही तीच अट. मी दोघांनाही लेखी दिलं. एकाला दिलेलं दुसऱ्याला दाखवायचं नाही हे तत्त्व मला नोकरीतच कळलं होतं. मामांकडे मी स्वतः गेलो. दार उघडलं, पण तोंड उघडलं नाही. मामींनी मध्यस्थी केली तेव्हा कळलं की मिशी परत मिळाल्याशिवाय सही मिळणार नाही. मी तो फोटो स्टुडिओवाल्याकडे नेला. त्याने कॉम्प्युटरवर मिशी बसवली. माप माहीत नसल्यामुळे ती जरा सढळ हाताने बसवली गेली, इतकी की तिची टोकं बाजूला उभ्या असलेल्या मामींच्या कानापर्यंत पोहोचली. मामांनी फोटो बराच वेळ पाहिला, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते म्हणाले, अशीच होती. सही झाली.

सगळी पत्रं घेऊन मी विजयी मुद्रेने कक्षात गेलो. बाईंनी ती चाळली आणि विचारलं, मागचे कोण?

मागचे म्हणजे? बाईंनी नमुन्यादाखल एक कॅसेट वाजवून उतरवून घेतली होती. मामांच्या गाण्यामागे एक भाजीवाला ओरडतोय. ताईच्या कवितेमागे कोणीतरी खोकतंय. तुमच्या भाषणामागे तर भांडी पडतायत आणि एक बाई आणि एक पुरुष काहीतरी बोलतायत. त्या सगळ्यांच्या ना-हरकती कुठायत?

भाजीवाल्याचे वारस कुठे शोधायचे? मी आठवडाभर विचार केला. बायको म्हणाली, भाजीवाल्याने हरकत घेतली तर मी बघते. आई रोज विचारायची. आता मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दाखवू लागलो, 'दोन दिवसांत.' आणि एके दिवशी आंघोळ करताना मला तो उपाय सुचला. अंगाला साबण तसाच ठेवून मी बाहेर आलो आणि बायकोला सांगितलं. नियम काय म्हणतो? ऐकू येणाऱ्या व्यक्तीची ना-हरकत. मग मागचे आवाज ऐकूच आले नाहीत तर? कक्षाकडे आवाज साफ करायची सोय होती. प्रत्येक तुकड्यात मुख्य वक्ता तेवढा ठेवायचा आणि बाकीचं सगळं काढून टाकायचं. खोकला, भांडी, भाजीवाला, कोणी मध्येच बोललेलं, सगळं. बायको म्हणाली, आधी साबण धू.

बाईंना मी हे सांगितलं तेव्हा पहिल्यांदाच त्यांनी मला खुर्ची दिली. त्या म्हणाल्या, इतक्या वर्षांत हे कोणाला सुचलं नाही. मी अर्ज लिहिला, 'मुख्य वक्ता वगळून इतर सर्व अनावश्यक आवाज काढून टाकण्याबाबत.' खाली झोकदार सही केली. त्या सहीचा मला तेव्हा फार अभिमान वाटला, म्हणून हे मुद्दाम नमूद करतो.

काम झाल्याचा निरोप आला त्या रविवारी मी सर्वांना घरी बोलावलं. ताई आली, धाकटा आला, मामा मिशीचा फोटो खिशात घेऊन आले. अनुभवी आलेच. मी आधी थोडं प्रास्ताविक केलं. त्यात रेकॉर्डचं राष्ट्रीय महत्त्व सांगितलं. मग आईच्या कानांवर नवे हेडफोन चढवले, बाकीच्यांसाठी स्पीकर जोडला आणि सुरू केलं.

काय तो स्वच्छपणा. मामांचं गाणं असं की मामा पोकळीत उभे राहून गातायत. ताईची कविता तिसऱ्या ओळीला थांबली आणि नंतर जी शांतता पसरली ती इतकी निर्मळ होती की तिथे पूर्वी कोणीतरी तिला पुढची ओळ सांगायचं हे आठवलंसुद्धा नाही. गाढव फार सुरेख आलं होतं. सगळे खूश झाले. आई डोळे मिटून ऐकत होती.

मग शेवटची कॅसेट आली. बाकी सगळ्या ऐकून झाल्या होत्या, तेव्हा निरोपाचं भाषण हिच्यातच असणार. मी सगळ्यांना सावरून बसायला सांगितलं. सुरू झालं आणि त्यातून माझा आवाज आला. माझी पहिली बढती झाली तेव्हा कचेरीत करायच्या भाषणाची मी घरी तालीम केली होती. बाबांनी ती हौसेने टेप केली होती, आणि दुसरी कॅसेट हाताशी नसावी म्हणून स्वतःच्या निरोपाच्या भाषणावर केली होती. 'नोंदींचे महत्त्व' या विषयावर मी पंधराएक मिनिटं बोलत होतो. मामांनी मिशीचा फोटो काढून परत बघितला.

आईने हेडफोन थोडा सरकवला. "हे तर तू रोजच बोलतोस," ती म्हणाली. आणि मग, "सगळे बोलतायत. ह्यांनी सांगितल्याशिवाय कसे बोलतायत?"

मला काही कळलं नाही. ताईला कळलं. तिने तोंडावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाली, "दादा, ते 'हां, बोला' कुठे गेलं?"

मी परत पहिल्यापासून लावलं. मामा. ताई. गाढव. मी. कोणाच्याही आधी कोणी 'हां, बोला' म्हणत नव्हतं. विसरलेली ओळ कोणी हळूच सांगत नव्हतं. माझ्या भाषणात कोणी 'जरा सावकाश, घाई नाही' म्हणत नव्हतं, आणि ते म्हणायचे हे मला त्या क्षणी आठवलं. कुठलीही लाव रे, सगळ्यांत आहेत ते, असं आई पहिल्याच दिवशी म्हणाली होती. सगळ्यांत होते. मी अर्ज देऊन, सही करून, माझ्या बापाला प्रत्येक कॅसेटमधून काढून टाकलं होतं. अनावश्यक म्हणून. मूळ फिती वाजून कोऱ्या पडल्या होत्या, त्या कक्षाने पावतीसह परत दिल्या होत्या.

आई कोणावर रागावली नाही. तिने हेडफोन काढून नीट घडी करावी तसा टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "असू दे. तू खूप मेहनत घेतलीस." एवढ्या वर्षांच्या नोकरीत माझ्यावर ताशेरे आले, ठपके आले, एकदा तर चौकशी बसली. पण असं कोणी मला फाडून काढलं नव्हतं. अनुभवींनीही त्या दिवशी अनुभव सांगितला नाही, ते चहा न घेताच घरी गेले.

दुसऱ्या दिवशी कक्ष उघडायच्या आधी मी दारात होतो. बाईंना सगळं सांगितलं. सांगताना आवाज कापत होता, आणि माझ्यासारख्या माणसाला दुसऱ्या खात्याच्या कर्मचाऱ्यांदेखत असं होणं शोभत नाही, पण झालं. बाईंनी ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला.

"म्हणजे काढलेले आवाज पाहिजेत तुम्हाला," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, ते कुठे असणार आता, टाकून दिले असतील.

बाई माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू मी कक्षाची अब्रूच काढली. "टाकून? असं कसं टाकता येईल? तुम्ही रेकॉर्डमध्येच होता ना? इथली कुठलीही गोष्ट नष्ट करायची तर समिती बसावी लागते. आमची समिती स्थापन झाल्यापासून बसलेली नाही." त्यांनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. तिथे एक फाइल होती, 'निरुपयोगी, मंजुरीअभावी प्रलंबित.' प्रलंबित या शब्दाने मला आयुष्यात इतका आनंद कधी दिला नव्हता. मी टेबलावरून हात पुढे करून बाईंचा हात हातात घेतला. त्यांनी तो काढून घेतला.

अर्थात ती फाइल मला तशी मिळणार नव्हती. काढलेले आवाज आता कक्षाच्या ताब्यात होते, आणि ते कोणाचे आहेत याची खात्री पटल्याशिवाय देता येत नाहीत. ओळख पटवायला जवळची व्यक्ती समक्ष हजर हवी. मी मुलगा आहे, मी ओळखतो, असं म्हणालो. बाई म्हणाल्या, "तुम्हीच तर काढून टाकायला सांगितलंत. तुमची ओळख कशी धरू?"

म्हणून आईला घेऊन गेलो. वरच्या मजल्यापर्यंत ती एकेक पायरी धापा टाकत चढली. बायको, ताई आणि धाकटा मागून आले. दोघं भांडत नव्हते, कारण वाटेत रिक्षात बायकोने आईला टबातल्या बाळाचा फोटो दाखवला होता. आईने तो डोळ्यांजवळ धरून सांगितलं, "हे समोरच्यांचं. टब नवीन आणला म्हणून ह्यांनी फोटो काढला होता."

बाईंनी आईला स्वतःची खुर्ची दिली. अर्ज पुढे ओढला, 'आवाज धारण करणाऱ्याशी नाते' या रकान्यावर पेन टेकवलं आणि आईच्या डाव्या बाजूला जाऊन, 'शांतता राखा'च्या फलकाखाली उभं राहून, मोठ्याने समजावलं की आजी, आवाज ओळखा आणि मला सांगा. मग हेडफोन चढवले आणि स्पीकरही लावला, कारण ओळख चारचौघांत पटावी लागते.

सुरुवातीला खरखर. भाजीवाला ओरडला. कोणी खोकलं. आणि मग बाबा.

"हां, बोला. चालू आहे."

मामांचं गाणं तिथे नव्हतं. ते गेलं होतं त्या स्वच्छ फाइलीत. इथे होती फक्त गाण्याएवढी खरखर आणि तिच्यात मध्येच बाबांचं 'वा'. मग पुन्हा, "हां, बोल बाळा, लाजायचं नाही." मग कवितेची ती पुढची ओळ, अगदी हळू. ताई खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. मग, "जरा सावकाश, घाई नाही," आणि ते मला होतं. एकामागून एक, सगळ्या कॅसेटमधले बाबा एका ठिकाणी जमा झाले होते, आणि त्यांच्यामध्ये दुसरं कोणी बोलत नव्हतं.

भांडी वाजली. बाबा तोंड दुसरीकडे वळवून हाक मारतायत असा आवाज आला.

"अगं, ये ना बाहेर. सगळ्यांचं झालं, तुझंच राहिलंय."

आणि आतून, लांबून, एक तरुण बाई म्हणाली, "आले, आले. चहा गाळते आणि येते."

"बरं, मग तोवर बंद करतो," बाबा म्हणाले, आणि खट्‌ आवाज झाला.

कर्मचारी बोलायचे थांबले होते. बाईंनी वाकून विचारलं, आजी, ओळख पटली का? आईने त्यांच्याकडे बघितलंही नाही.

"दरवेळी असंच," ती म्हणाली. ऐकू न येणारी माणसं बोलतात तशी मोठ्याने, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशी. "मी पदर सारखा करून बाहेर येईपर्यंत बंद करायचे. मी आलेच होते."

बाईंनी रकान्यात काहीतरी लिहिलं, चष्मा काढला, परत घातला. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या की खरखर फार आहे, अर्ज वगैरे नको, तेवढी आपण अशीच काढून टाकू. मी हात जोडले आणि म्हटलं, बाई, कृपा करा, कशालाही हात लावू नका.

"आणखी आहे?" आईने विचारलं.

बाईंनी मान हलवून आहे म्हणून सांगितलं, बरंच आहे. आईने खुर्ची टेबलाजवळ ओढली, पदर सारखा केला आणि त्या यंत्राकडे बघून म्हणाली, "हां, बोला."